छर्‍यापासून कड्यापर्यंत : डॉ. सलीम अली यांचा प्रवास

प्रतिनिधी, डोलवी (ता. पेण)

मुंबई-गोवा महामार्गावरून वडखळला अलिबागच्या दिशेने वळले, की डोलवीच्या पोलाद कारखान्याचा परिसर लागतो आणि त्यामागोमाग धरमतरची खाडी. मालवाहू बार्जेस, धुरांडी आणि अवजड वाहनांच्या या गर्दीतही हिवाळ्यात ओहोटी लागली, की खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलात तुतवारांसारखे चिमुकले पाहुणे पक्षी चोच खुपसत हिंडताना दिसतात. मूठभर वजनाचे हे जीव उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून येतात आणि उन्हाळ्याआधी तेवढ्याच अंतराच्या परतीच्या प्रवासाला निघतात, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण हे कळले कसे? त्याचे उत्तर पक्ष्याच्या पायात अडकवलेल्या धातूच्या एका हलक्या कड्यात आहे. भारतात हे कडे घालण्याच्या शास्त्राला ज्यांनी भक्कम पाया दिला, ते डॉ. सलीम अली या खाडीपलीकडे, किहीमच्या किनाऱ्यावर काही काळ राहिले होते. त्यांच्या पक्षीशास्त्राला पहिले मोठे वळण मिळाले ते याच जिल्ह्यात.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा पहिला दिवस हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन आणि अखेरचा दिवस सलीम अलींचा. मात्र सलीम अली म्हटले, की दुर्बीण गळ्यात अडकवलेला कृश बांध्याचा वृद्ध एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. रानातला पक्षी इजा न करता कसा पकडावा, हातात कसा धरावा आणि पुन्हा आकाशात कसा सोडावा, ही विद्या देशात रुजवणारा शिक्षक ही त्यांची ओळख त्या मानाने मागे पडली आहे.

खेतवाडीतला पोरका मुलगा

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते आईवडिलांचे दहावे आणि शेवटचे अपत्य. वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते आणि घरात बंदुकांचे अप्रूप नव्हते. सलीमच्या हातीही लहानपणीच छर्‍याची बंदूक आली.

दहा-बारा वर्षांच्या सलीमने एकदा एक चिमणी टिपली. हातात घेऊन पाहतो, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. नेहमीच्या चिमण्यांपेक्षा ही वेगळी होती. मामांना विचारले, तर त्यांनाही सांगता येईना. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) सभासद असलेल्या मामांनी भाच्याला ओळखपत्र देऊन संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांनी भरलेली कपाटे उघडून दाखवली, वाचायला पुस्तके दिली आणि पक्षी गोळा करून टिकवण्याची कला शिकवण्याची तयारी दर्शवली. एका मेलेल्या चिमणीने त्या मुलाचे आयुष्य बदलले. उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी त्या चिमणीलाच स्थान दिले.

पदवी नसलेला पक्षीतज्ज्ञ

अभ्यासात सलीम अली फारसे चमकले नाहीत. डोकेदुखीच्या सततच्या त्रासाने शाळेत खंड पडला आणि १९१३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाले. महाविद्यालयात मन रमेना, तेव्हा ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या टंगस्टनच्या खाणी आणि लाकडाच्या व्यवसायात हातभार लावण्यासाठी त्यांची रवानगी झाली. व्यवसायापेक्षा तिथल्या रानातच त्यांचा वेळ अधिक गेला. १९१७ मध्ये मुंबईत परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेतले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा ओढा ओळखला आणि त्यांच्या आग्रहाने सलीम अलींनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढचा टप्पा नोकरीचा होता आणि तिथेच दार बंद झाले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षीतज्ज्ञाची जागा होती, परंतु विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे ती त्यांना मिळाली नाही. पुढील काळात ज्या माणसाच्या नोंदींवाचून भारतीय पक्ष्यांवरील एकही ग्रंथ पुरा होऊ शकला नाही, तो माणूस कागदोपत्री अपात्र ठरला होता. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गेतिहास विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून ते रुजू झाले. पगार होता महिना ३५० रुपये. पण आपल्या शिक्षणात राहिलेली उणीव त्यांना सलत होती. दोन वर्षांनी त्यांनी अभ्यासरजा घेतली आणि थेट बर्लिन गाठले.

हेलिगोलँडचा धडा

बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान हे त्या काळातील अग्रगण्य पक्षीशास्त्रज्ञ होते. त्यांनी या पदवीहीन भारतीय तरुणाला मनापासून शिकवले आणि सलीम अलींनी अखेरपर्यंत त्यांना गुरुस्थानी मानले. मेलेल्या पक्ष्यांच्या मापांवरून जाती ठरवणे एवढ्यापुरते शास्त्र मर्यादित नाही, जिवंत पक्षी काय करतो आणि का करतो, हा त्याचा गाभा आहे, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

याच मुक्कामात त्यांनी उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावरच्या पक्षी निरीक्षण केंद्रात पक्ष्यांना कडी घालण्याचा अनुभव घेतला. हे शास्त्र तेव्हा तसे तरुण होते. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली अॅल्युमिनियमची कडी घालून त्याची पद्धतशीर सुरुवात केली होती. हेलिगोलँडवर झुडपांभोवती उभारलेले प्रचंड नरसाळ्यासारखे पिंजरे होते. रुंद तोंडातून आत शिरलेला पक्षी हळूहळू अरुंद टोकाकडे हाकला जाई, अलगद हाती लागे आणि कडे घालून, नोंद करून सोडला जाई. पक्ष्याचा अभ्यास करायचा तर तो मारला पाहिजे, या समजुतीला इथे व्यवहारातच उत्तर मिळत होते. मेलेल्या पक्ष्याकडून एकदाच माहिती मिळते. कडे घातलेला पक्षी मात्र पुन्हा सापडला, की पुन्हा काही सांगून जातो.

किहीमची सुगरण

१९३० मध्ये सलीम अली मायदेशी परतले, तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. बर्लिनचे शिक्षण गाठीशी आणि हाती काम नाही, अशा अवस्थेत ते पत्नीसह तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील किहीमला राहायला गेले. बेकारीचा हा काळच त्यांच्या संशोधनाचा सुवर्णकाळ ठरला.

घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस होते, नर घरटी विणण्यात गढले होते. सलीम अलींनी आडोसा उभारून तासन्‌तास निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मग मादी येऊन त्याची पाहणी करते. पसंत पडले, तर ती त्याचा ताबा घेते आणि जोडी जमते. घरटे पुरे होऊन मादी अंड्यांवर बसली, की हा नर थोड्या अंतरावर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एकामागून एक संसार थाटण्याची सुगरणीची ही रीत त्यांनी उलगडून दाखवली. १९३१ मध्ये बीएनएचएसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या लेखाने त्यांचे नाव जगभरच्या पक्षीशास्त्रज्ञांपर्यंत पोचवले. प्रयोगशाळा, अनुदान, पद यांपैकी काहीही हाताशी नसताना कोकणातल्या एका झाडाखाली हे काम झाले होते.

त्यानंतरची दोन दशके भटकंतीची होती. हैदराबाद संस्थानात, म्हणजे मराठवाडाही ज्यात समाविष्ट होता त्या मुलखात, तसेच कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ या संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. मानधन नको, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या, अशी त्यांची अट असे. तेहमिना बेगम अनेक मोहिमांत सोबत असत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण आणि मेव्हणे यांच्या घरी राहून ते कामात बुडून गेले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली आली.

आजार, गोचीड आणि जाळी

बीएनएचएसने भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचे काम १९२७ मध्येच हाती घेतले होते. पण मोठ्या प्रमाणावर, शास्त्रशुद्ध मोहिमेला निमित्त मिळाले ते एका आजाराचे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही तापाने घेरले. विषाणू गोचिडीतून पसरत होता आणि सैबेरियाकडील एका विषाणूशी त्याचे साधर्म्य होते. तिकडून येणारे स्थलांतरित पक्षी गोचिडी घेऊन येत असतील काय, असा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेपुढे उभा राहिला. उत्तर शोधायचे, तर पक्षी जिवंत पकडणे, त्यांच्या अंगावरील गोचिडी व रक्ताचे नमुने घेणे आणि कडे घालून सोडणे भाग होते.

१९५९ मध्ये सलीम अलींनी या कामास आरंभ केला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. स्वित्झर्लंडचे पक्षीशास्त्रज्ञ आल्फ्रेड शिफर्ली मदतीला आले. स्वतः नावाजलेले असूनही सलीम अलींना नवे तंत्र दुसऱ्याकडून समजून घेण्यात कमीपणा वाटला नाही. देशातील जुन्या विद्येलाही त्यांनी तेवढाच मान दिला. बिहारमधील मीरशिकार ही पिढीजात पक्षी पकडणारी जमात. बांबूच्या काड्या, दोऱ्याचे फास आणि साधी जाळी यांनी पंखाला धक्का न लावता पक्षी धरण्याचे त्यांचे कसब पाहून भलेभले थक्क होत. बाजारासाठी पक्षी धरणारे हे हात शास्त्राच्या कामी लागले. त्यांच्यातील अली हुसेन यांनी पुढे अनेक वर्षे बीएनएचएसच्या शिबिरांत काम केले. जर्मनीतल्या संग्रहालयाचे शिक्षण आणि बिहारच्या चौराचे शिक्षण अशी दोन्ही घराणी एका तंबूत नांदली, हे या मोहिमेचे खास वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

राजस्थानातील भरतपूर हे या कामाचे मोठे केंद्र झाले. या पाणथळीत संस्थानी काळात बदकांच्या शिकारीचे सोहळे होत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडल्याची नोंद तिथल्या शिलालेखावर कोरलेली आहे. तो सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता, हा निव्वळ योगायोग. पण जिथे बंदुकांनी विक्रम केले, त्याच जागी पुढे पक्ष्यांच्या पायांत कडी पडू लागली. भरतपूरचे पाणी शेतीकडे वळवून ती जागा संपवावी, ही मागणी जोर धरत असताना सलीम अलींनी आपले सारे वजन तिच्या रक्षणासाठी खर्च केले. १९८५ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान जागतिक वारशाच्या यादीत गेले.

हाताची परीक्षा

पक्षी पकडणे हे बाहेरून पाहणाऱ्याला सोपे वाटते. प्रत्यक्षात ही जबाबदारी मोठी आहे. मिस्ट नेट या नावाने ओळखले जाणारे जाळे इतक्या बारीक धाग्यांचे असते, की झाडीच्या पार्श्वभूमीवर ते दिसतही नाही. पक्षी त्यावर आदळतो आणि खालच्या सैल कप्प्यात अडकतो. तो तिथे फार वेळ राहिला, तर भीतीने, उन्हाने किंवा गारठ्याने दगावू शकतो. म्हणून जाळ्यांची फेरी ठरावीक मिनिटांनी झालीच पाहिजे. पाऊस, जोराचा वारा किंवा कडक ऊन असेल, तर जाळी गुंडाळून ठेवायची. मुंगूस, मांजर, साप यांवर नजर ठेवायची. सोडवता येतील त्यापेक्षा अधिक पक्षी अडकतील इतकी जाळी लावायचीच नाहीत.

पक्षी सोडवताना तो ज्या बाजूने शिरला, त्याच बाजूने काढावा लागतो. त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला टेकलेली आणि पंख मिटलेले, अशी पकड असावी लागते. पकड सैल झाली, तर पंख मोडतो. घट्ट झाली, तर छाती दबून श्वासच थांबतो. कड्याचे माप जातीगणिक वेगळे असते. लहान कडे पाय कापते आणि मोठे खाली घसरून पंजा अडकवते. खाऱ्या पाण्यात वावरणाऱ्या पक्ष्यांसाठी अॅल्युमिनियम झिजते म्हणून कठीण मिश्रधातू वापरतात. जात, नर की मादी, वय, पंखाची लांबी, वजन आणि पिसांची अवस्था यांची नोंद झाली, की पक्ष्याला सोडायचे. भारतात वापरल्या गेलेल्या कड्यांवर क्रमांकासोबत मुंबईच्या संस्थेला कळवा, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरलेला असे. असे पक्षी पुन्हा सापडण्याचे प्रमाण अगदी अल्प असते. म्हणूनच एका पत्रामागे हजारो पक्ष्यांची मेहनत असते.

ही विद्या पुस्तकातून येत नाही. ब्रिटनमध्ये नवशिक्याला मान्यताप्राप्त प्रशिक्षकाच्या हाताखाली बराच काळ काम केल्यावरच टप्प्याटप्प्याने परवाना मिळतो. अमेरिकेतही केंद्रीय परवान्यावाचून कडे घालता येत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. त्यानुसार संशोधनासाठीही रानपक्षी पकडायचा, तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि अधिक संरक्षित प्रजातींसाठी केंद्राची संमतीही लागते. सलीम अलींच्या शिबिरांत मात्र हे शिक्षण गुरुकुलासारखे चाले. पहाटे जाळ्यांपाशी जाणे, नोंदवही नीट लिहिणे आणि न पाहिलेले न लिहिणे, यात कोणालाही सूट नव्हती. मुंबई विद्यापीठाच्या मान्यतेने बीएनएचएसमध्ये संशोधनाची सोय झाली, तेव्हा सुगरणीचा अभ्यास पुढे नेणारे व्ही. सी. आंबेडकर यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. ज्यांना पदवी नाही म्हणून नाकारले गेले, ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले होते.

नावाचे वटवाघूळ

वटवाघळांशी सलीम अलींचे नाव जोडले गेले ते वेगळ्याच प्रकारे. तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगररांगेत १९४८ मध्ये अँगस हटन यांनी एक फलाहारी वटवाघूळ मिळवले. त्याची गणना नेहमीच्या एका जातीत होऊन ते बीएनएचएसच्या संग्रहात पडून राहिले. १९७२ मध्ये थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांनी ते पुन्हा तपासले आणि ही जातच नव्हे, तर प्रजातीही नवी असल्याचे दाखवून तिला सलीम अलींचे नाव दिले.

वटवाघळे पकडणे पक्ष्यांपेक्षाही जोखमीचे आहे. त्यांना कडे पायात नव्हे, तर पंखाच्या पुढच्या हाडावर, कडा बोथट केलेल्या पट्टीच्या रूपात घालतात. ती दातांनी जाळे कुरतडतात आणि चावतात, त्यामुळे जाळ्यापाशी माणूस सतत हजर असावा लागतो. रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेल्या आणि हातमोजे घातलेल्या प्रशिक्षितानेच त्यांना हात लावावा, असा जगभर दंडक आहे. पिल्ले अंगाला बिलगलेली असण्याच्या काळात जाळी लावू नयेत, हेही पाळले जाते. पक्ष्यांसाठी लावलेली जाळी तिन्हीसांजेआधी मिटली नाहीत, तर त्यांत वटवाघळे सापडतात. म्हणून एकाचे शिक्षण घेणाऱ्याला दुसऱ्याचे भान ठेवावेच लागते.

संशयाचे सावट

स्थलांतराच्या अभ्यासाला पुढे ज्या आशियाई कार्यक्रमाची जोड मिळाली, त्यामागे अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाचा पैसा होता. बँकॉकहून इलियट मॅक्लूर तो चालवत. १९६३ ते १९७१ या काळात आशियाभर दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना त्यातून कडी घातली गेली. १९७४ मध्ये भारतीय वृत्तपत्रांतून शंका उपस्थित झाली. पक्षी कोठून कोठे जातात, ही माहिती जैविक युद्धासाठी तर वापरली जाणार नाही ना? संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये हे प्रकरण तपासले आणि परदेशी मदतीच्या संशोधनावरील सरकारी देखरेखीतील उणिवांवर बोट ठेवले. सलीम अलींचे काम उघड होते आणि त्याचे निष्कर्ष छापले जात होते. तरीही देशातील सर्वांत आदरणीय निसर्गशास्त्रज्ञाला वयाच्या ऐंशीच्या घरात अशा संशयाला सामोरे जावे लागले. ज्या शंकेपोटी हे सारे सुरू झाले होते, ती मात्र खरी ठरली नाही. क्यासनूरचा आजार पक्ष्यांनी आणलेला नव्हता. तो तिथल्याच जंगलातील गोचिडी, लहान प्राणी आणि माकडे यांच्यातला निघाला.

याच काळात डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत व पाकिस्तानच्या पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पुरा झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. गेट्टी पुरस्काराचे ५० हजार डॉलर त्यांनी निसर्ग संरक्षणाच्या निधीला दिले. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कडे आजही बोलते

आता कड्याच्या जोडीला उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे आली आहेत. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांना बीएनएचएसने अशी यंत्रे लावली, तेव्हा त्यांतील एकाचे नाव सलीम ठेवण्यात आले. यंत्र कितीही प्रगत असले, तरी ते लावण्यासाठी पक्षी आधी कोणाच्या तरी हातात यावा लागतो, आणि तो हात शिकलेलाच असावा लागतो. एकट्या हौसेने किंवा छायाचित्रासाठी जाळे लावणे हा कायद्याने गुन्हा तर आहेच, पण त्याहून अधिक ते त्या जिवावर ओढवलेले संकट आहे. पायात कडे असलेला पक्षी कोठे मृत आढळला, तर त्यावरील क्रमांक, ठिकाण आणि तारीख संस्थेला किंवा वन खात्याला कळवणे, एवढे मात्र कोणत्याही नागरिकाला करता येते.

धरमतरच्या चिखलावर संध्याकाळ उतरते, तेव्हा कारखान्याचे दिवे लागतात आणि तुतवारांचा थवा पाण्यालगत उडून पलीकडच्या काठाला टेकतो. तिथून किहीम फार दूर नाही. गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी टिपणाऱ्या मुलाने पुढे आयुष्याची अनेक वर्षे पक्षी जिवंत हातात घेऊन तो जिवंत सोडून देण्यात घालवली. या खाडीवर दरसाल उतरणाऱ्या पाहुण्यांचे घर कोठे आहे, हे आपल्याला आज ठाऊक आहे, ते अशाच हातांमुळे.